दोन झोतांच्या मधे

आवगुश्तीन कोबाल पडद्यावर मरत होता, आणि मी हसले.

हसायची जागा नव्हती ती. आमच्या दरीतून पहिलं विमान उडवणारा कोबाल. शाळेला ज्याचं नाव आहे, चौकात ज्याचा पुतळा आहे, तो. त्याच्या आयुष्यावरचा सिनेमा सगळ्यांच्या आधी आम्हा विपावा गावच्या लोकांना दाखवत होते. त्याच्या गावाला काय वाटतं ते ऐकायचं आणि मग हवे ते बदल करायचे, असं ठरलं होतं. पडद्यावर विमान कोसळत होतं, बुर्या घोंघावत होती, आणि कोबालच्या आईचा रुमाल डोंगराच्या दिशेनं फडफडत होता.

बुर्या म्हणजे आमच्या दरीतला हिवाळी सोसाट्याचा वारा; ती डोंगरावरून येते. थंड हवा जड असते, ती नानोस डोंगराच्या कड्यावरून दरीत सांडते. मी हवामान केंद्रात काम करते, पण एवढं कळायला हवामान केंद्र लागत नाही. इथल्या छपरांवर ठेवलेल्या दगडांनाही ते ठाऊक आहे. तो उलटा रुमाल दिसला आणि हसू तोंडातून निसटलंच.

सभागृह गप्प झालं. सगळ्यांनी माझा आवाज ओळखला होता. तीन वर्षांपूर्वी माझा ब्लाझ त्याच्या ग्लायडरसकट पडला. आमचं लग्न ठरलेलं होतं. तेव्हापासून मला हसताना कुणी ऐकलं नव्हतं. डाव्या बाजूला ब्लाझची आई मिलेना, जिला मी आपुलकीनं ‘तेता’ म्हणते, ती नेहमीसारखी माझा हात धरून बसली होती. तिचा हात थरथरला. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. मग मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच...

माझ्या उजवीकडचा माणूस मात्र हसला नाही.

दिवे लागले. दिग्दर्शकानं विचारायचा अवकाश, लोक सुटलेच.

“वारा होता की चहाची किटली?” बेकरीवाला म्हणाला. “एकसारखी शिट्टी! बुर्या दम खाते, साहेब. दणका देते, दम खाते, परत दणका देते.”

“आणि नानोसवर ढगाची टोपी असताना कोबाल विमान बाहेर काढेल? आमची कोंबडीसुद्धा बाहेर पडत नाही.”

“मिशा मात्र छान होत्या हं,” तेता मिलेनानं दिग्दर्शकाची समजूत घातली.

तेव्हा माझ्या उजवीकडचा माणूस उठला. “वारा मी केलाय,” तो म्हणाला. “स्टुडिओत. एक पंखा, थोडं रेशमी कापड आणि... हो, एक किटली.”

पुन्हा हशा झाला, पण या वेळच्या हशात माया होती.

बाहेर पायऱ्यांवर त्यानं मला गाठलं.

“पहिल्या तुम्ही हसलात.”

“रुमालाला हसले. रुमाल तुमचा होता?”

“नाही. माझा फक्त वारा.”

“त्याला नंतर हसले.”

त्याचं नाव काल्मान. मुरा नदीकाठच्या सपाट मुलखातला. “आमच्याकडेही वारा असतो,” तो म्हणाला, “पण नुसता येऊन बसतो. खरी बुर्या कुठे मिळेल?”

“मिळत नाही. येते. बुधवारी येईल.”

“इतक्या खात्रीनं सांगताय?”

“मला पगार त्याचाच मिळतो.”

बुधवारी नानोसनं टोपी घातली. द्राक्षमळ्याच्या दगडी बांधाआड काल्माननं लोकरीची टोपडी घातलेले मायक्रोफोन मांडले, आणि बुर्या आली तसा तिच्याहून मोठ्यानं ओरडून माझ्याशी बोलायला लागला. मला फक्त त्याचे उघडमीट होणारे ओठ दिसत होते.

झोत ओसरल्यावर मी म्हणाले, “तिच्याशी भांडायचं नसतं. इथे वाक्याच्या मधेच थांबायचं. झोत जाऊ द्यायचा, मग उरलेलं बोलायचं.”

“आणि तेवढ्यात समोरचा निघून गेला तर?”

“जात नाही. समोरचा—”

झोत आला. तो माझ्याकडे बघत राहिला. कानाशी उडणारे माझे केस, बांधावर टेकलेली माझी बोटं... झोत गेला.

“—थांबतो,” मी म्हणाले.

त्या हिवाळ्यात तो प्रत्येक बुर्याला आला. पुरेसा वारा केव्हाच गोळा झाला होता, तरी आला. एका शनिवारी मात्र आम्ही बांधाआड बसलो आणि पानही हललं नाही.

“रेडिओवर तर तुम्ही शांत हवा सांगितली होती,” तो म्हणाला. “मला तेवढी बुर्या म्हणालात.”

माझे कान तापले. “रेडिओ ऐकला होता, तर मग आलात कशाला?”

“म्हणूनच आलो.”

मी वाइन ओतली. आम्ही पेले टेकवले, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्या घोटापासून ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं.

त्याच दिवशी मी त्याला ब्लाझविषयी सांगितलं. तो शरद ऋतूतला स्वच्छ दिवस होता, वारा अजिबात नव्हता. कुणाचीच चूक नव्हती. “मी त्या दिवसाचे सगळे आकडे पुन्हा पुन्हा पाहिले,” मी म्हणाले. “राग धरायला एकही सापडला नाही.”

काल्माननं माझ्या पेल्याशेजारी आपला पेला सरकवला, एवढंच.

मार्चमध्ये त्याला दूर उत्तरेला, तालिन शहरात जायचं होतं, दोन वर्षांच्या कामासाठी. शेवटच्या बुर्याला त्यानं ध्वनिमुद्रणाचं यंत्र सुरू केलं आणि झोत ओसरायची वाट पाहिली. आता त्याला ते छान जमत होतं.

“माझ्याबरोबर चल, तादेया.”

मला रविवारचं जेवण आठवलं. माझ्या खालच्या मजल्यावर तेता मिलेनाकडे योताचं, म्हणजे आंबट कोबीच्या रश्श्याचं, पातेलं, दोन ताटल्या, आणि मी उतरले नाही तर उरणारी एक. मी श्वास घेतला.

“काल्मान, मी—”

झोत आला. तो थांबला. झोत गेला. दरी अगदी स्तब्ध झाली, मी बोलायला पुन्हा श्वास घेतला, आणि काहीच बोलले नाही. दुसरा झोत आला. तो त्यालाही थांबला. मग त्यानं हळूहळू वायरी गुंडाळायला घेतल्या.

एप्रिलमध्ये सिनेमा पुन्हा आला. काल्मान तालिनला गेला होता. तेच सभागृह, तीच रांग, माझा हात तेता मिलेनाच्या हातात. उजवीकडची खुर्ची रिकामी होती. या वेळी रुमाल दरीच्या दिशेनं उडाला. बुर्या आली तशी लोकांनी नकळत कॉलर वर केल्या. बेकरीवाल्यानं तर छताकडे पाहिलं.

आणि मग बुर्यानं दम खाल्ला.

पडद्यावर कोबालची आई आकाशाकडे बघत उभी होती. कुठेतरी तार गुणगुणली, द्राक्षाचं सुकं पान घासत गेलं, आणि एका बाईनं बोलण्यासाठी श्वास घेतला. पुढे काहीच नाही. लांबच लांब शांतता. काल्माननं ती कुठेही कापली नव्हती.

कुणी हसलं नाही. बेकरीवाला उघड उघड रडत होता. ब्लाझच्या दफनाला हेच लोक माझ्यासमोर ओठ मिटून उभे होते.

“तो श्वास तुझा आहे,” तेता मिलेना कुजबुजली. “तुझ्या मजल्यावरून रोज खाली ऐकू येतो मला तो, पोरी. पुढे काय बोलणार होतीस?”

पडद्यावर झोत आला. आम्ही दोघी याच दरीतल्या, दोघीही थांबलो. झोत ओसरला.

“हो,” मी म्हणाले.

“एवढ्या हळू? तालिनपर्यंत कसं ऐकू जायचं?”

ती थट्टा करत होती आणि तिचे गाल ओले होते. मग तीन वर्षांत पहिल्यांदाच तिनं माझा हात आपणहून सोडला. सिनेमा संपेपर्यंत तिचा हात तिच्या मांडीवर उताणा पडून राहिला, आणि मी तो पुन्हा धरला नाही.