बिघाडाचं कारण

तिच्या छपाईच्या दुकानाचा नेहमीचा मेकॅनिक रजेवर होता, म्हणून त्याच्या जागी तो आला. आल्या आल्या त्यानं प्रिंटरमधून नुकतंच बाहेर पडलेलं पान उचललं, चित्रातल्या नदीवरून बोट फिरवलं — आणि नदी बोटाला लागून आली. तेच बोट त्यानं कपाळावरून फिरवलं. कपाळावर निळा पट्टा!

तिला हसू फुटलं. महिन्याभरात पहिल्यांदाच.

तसे ते दिवस हसण्याचे नव्हते. तिचे बाबा शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांची नजर मधोमध विझत चालली होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता : फार तर दोन महिने दिसेल. तेवढ्यात त्यांच्या बत्तीस नदीचित्रांचं पुस्तक व्हायला हवं होतं, त्यांच्या डोळ्यांदेखत. सकाळी दहा ते अकरा, दुकानाच्या खिडकीत ऊन असेपर्यंत, त्यांना रंग नीट कळत. त्या तासात ते एक पान तपासत. "हा निळा माझा नाही," म्हणाले की पान बाद.

"कागद जाड आहे," तो म्हणाला, "आणि तुम्ही मशीनला साधा म्हणून सांगितलंय. शाईची पावडर वितळून कागदाला चिकटायच्या आत पान बाहेर पडतं."

"जाड सांगितलं की फार हळू चालतं हो."

"चालू दे की. घाई कुणाला आहे?"

तिनं खिडकीतल्या खुर्चीत बसलेल्या बाबांकडे पाहिलं. त्यानंही. सर्व्हिस स्लिपवर 'बिघाडाचं कारण' या रकान्यात त्यानं लिहिलं — कागदाची सेटिंग चुकीची. तिनं सही केली.

आठवड्यानं पानांवर तांबडा ठिपका उमटू लागला. एकाच पानावर, ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा. या वेळी तिनं त्यालाच बोलावून घेतलं. खिशातली स्टीलची पट्टी काढून त्यानं दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं. "साडेसात सेंटिमीटर. म्हणजे आतला ड्रम, त्याच्या दर फेऱ्याला एक ठिपका."

"सगळं असं मोजूनच कळतं तुम्हाला?"

"मशीनचं कळतं," तो म्हणाला. "माणसांचं... अंदाजानं."

"आणि अंदाज चुकला तर?"

"म्हणून तर बोलत नाही फारसं."

बाबा खुर्चीतून म्हणाले, "पट्टीवाले, चहा घेऊन जा." तो चहाला थांबला, तासभर. स्लिपवर लिहिलं — ड्रमवर ओरखडा.

त्यानंतर मशीन शहाण्यासारखं वागू लागलं. दहा दिवस, पंधरा दिवस. सव्वीस पानं झाली. फोन करायला कारणच उरलं नाही.

सत्ताविसाव्या पानाच्या सकाळी तिनं सेटिंग स्वतःच्या हातानं पुन्हा 'साधा' केली आणि त्याला फोन लावला. साडेनऊपर्यंत येईल, पाच मिनिटांचं काम, दहाला बाबांच्या हातात पान, असा तिचा हिशेब.

तो आला सव्वाअकराला. दुसऱ्या एका ऑफिसात अडकला होता.

बाबा दहापासून खिडकीशी बसून होते. ऊन निघून गेलं होतं.

त्यानं पानावर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, मशीनच्या पडद्याकडे पाहिलं. हळूच विचारलं, "हे कुणी बदललं?"

"मी."

"चुकून?"

तिनं मान हलवली. नाही. डोळे भरून आले होते. बाबांच्या उरलेल्या सकाळींतली एक तिनं आपल्या हातानं घालवली होती.

त्यानं सेटिंग 'जाड' केली. पान सावकाश बाहेर आलं. बाबांनी ते हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, तिरकं धरलं... आणि खाली ठेवलं.

"नाही दिसत आज. पट्टीवाले, तुम्ही सांगा. खरं सांगायचं हं, मला बरं वाटावं म्हणून नाही."

तो बराच वेळ पान पाहत राहिला. "निळा चांगला उतरलाय, सर. पण... डाव्या काठाला पाणी हिरवट दिसतंय."

तिनं चटकन बाबांकडे पाहिलं.

बाबांचा चेहरा उजळला. "तिथे शेवाळं होतं! मीच दिलाय तो हिरवा. पास!" मग थोडं थांबून, खालच्या आवाजात, "पाच राहिली. माझ्याच्यानं नाही झालं, तर तुम्ही बघाल?"

"बघेन, सर."

काउंटरशी येऊन त्यानं स्लिप भरली. तारीख, वेळ, मशीनचा नंबर. शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं.

"कारण... काय लिहू?"

"वापरणाऱ्याची चूक लिहा. खरं तेच आहे."

"मला अर्धंच खरं वाटतंय."

तिनं त्याच्या हातातून पेन घेतलं. स्लिप आपल्याकडे फिरवली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं — तुम्हाला भेटायचं होतं. खाली सही केली.

त्यानं वाचलं. कान लालबुंद झाले. "याची... एक प्रत ऑफिसात जाते."

"जाऊ दे."

त्यानं स्लिप नीट घडी करून पट्टीच्या खिशात ठेवली, तिन्ही प्रतींसकट.

"उद्या दहाच्या आत येतो," तो म्हणाला. "मशीनला हात लावू नका."