थॉर्नकोटच्या बोगद्यात वर घेतलेली माणसं

ज्या देवाच्या नावाने मी दर रविवारी गाते, त्याच्यासमोर उभं केलं तरी मी हे असंच सांगेन. यात पदरचा एक शब्द नाही.

साल एकोणीसशे बारा. फेब्रुवारी महिना. जागा, कालव्यावरचा थॉर्नकोटचा बोगदा.

आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

पण बोगद्यात दुपार कुठली?

हे घडलं माझ्या आजीच्या बाबतीत. तिचं नाव केझाया. गोष्टीपुरतं मी तिला केझायाच म्हणते, कारण तेव्हा ती कुणाची आजी नव्हती. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

तिचा नवरा ईनॉक त्यांच्या कोळशाच्या नावेच्या मागच्या खोलीत तापाने फणफणला होता. पाणी अडवणारा कालव्याचा दरवाजा उघडताना हँडल सटकलं आणि त्याचा हात चेमटला. आधी दोघांनी ते हसण्यावारी नेलं. मग हात सुजला, काळानिळा झाला, आणि तो काळेपणा कोपराकडे चढू लागला.

नाववाल्यांना दारात उभं करणारा एकच डॉक्टर होता. तो बोगद्यापलीकडे, मिलबरीला. टेकडीवरून जाणारी वाट बर्फाने बुजलेली. नाव ओढणारी घोडी तेवढी एकटी सोडायची, तिला ती वाट पाठ होती. आजारी माणसाला तिथून नेणं शक्यच नव्हतं.

म्हणजे बोगद्यातूनच जायचं.

आत घोड्याला चालायला जागा नाही. नावेच्या टोकाशी दोन पाट आडवे टाकायचे, दोघांनी डोक्याला डोकं लावून त्यावर उताणं निजायचं आणि दोन्हीकडच्या भिंतींवर पायांनी चालायचं. नाव इंचाइंचाने सरकते. एका पाटावर केझाया निजली. दुसऱ्यावर तिची सासू डोर्कस. साठीची बाई, अंगाने भक्कम, जिभेने त्याहून.

या बोगद्याची एक रीत होती. तोंडाशी थांबून शिंग फुंकायचं आणि पलीकडून उत्तर येतंय का, ते ऐकत राहायचं. बोगदा एकाच नावेच्या रुंदीचा. आत दोन नावा समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरत बाहेर पडावं लागे, आणि भरलेली नाव अंधारात मागे सारायची म्हणजे अर्धा दिवस गेलाच.

केझायाने शिंग फुंकलं.

पण ती थांबली नाही. मागून ईनॉकचं कण्हणं ऐकू येत होतं.

"ऐकलंस का नीट?" डोर्कसने विचारलं.

"ऐकलं, आई. चला."

तिने काहीच ऐकलं नव्हतं.

मागचा उजेड आधी खिडकीएवढा झाला, मग नाण्याएवढा, मग गेला. वरून पाणी ठिबकत होतं. नावेच्या टोकावरच्या कंदिलाने हातभर भिंत दिसायची, तेवढंच. आणि बुटांचे आवाज. खट्... खट्... एक केझायाचा, एक सासूचा.

सुरुवातीला डोर्कस बोलत होती. सून पाय मारते की भिंत गोंजारते, असं विचारून झालं. मग ती गुणगुणायला लागली. घाटावरच्या मिशनमध्ये एक उपदेशक येत. त्यांचं अर्धं प्रवचन बोलण्यात असे आणि अर्धं गाण्यात. डोर्कसला अक्षरओळख नव्हती, पण ती प्रवचनं तिला चालीसकट तोंडपाठ होती. ती गायला लागली की तिच्या जिभेची धार कुठे जायची, देव जाणे.

बोगद्याच्या मध्यावर पांढऱ्या विटांचा पट्टा आहे. तो जो आधी ओलांडेल त्याची वाट. दुसऱ्याने मागे व्हायचं. हा आमच्यातला कायदा, तो कुठे लिहिलेला नाही.

कंदिलाच्या उजेडात पांढरा पट्टा आला... आणि मागे गेला.

केझायाने सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात डोर्कसचं गाणं थांबलं.

समोर... एक दिवा होता.

शिंग फुंकून केझाया थांबली नव्हती. चूक तिची होती. पण पट्टा आम्ही आधी ओलांडलाय, मागे तुम्ही व्हायचं, असं तिने ओरडून सांगितलं. आवाज घुमत गेला आणि परत आला.



दिवा जवळ येत नव्हता. मागेही जात नव्हता.

पण त्या बाजूने बूट वाजत होते. खट्... खट्... दोन जोड्या. चालत होत्या, आणि दिवा मात्र जागच्या जागी.

केझायाने पाय थांबवले. डोर्कसनेही थांबवले. तरी नाव मागे घसरू लागली. कुणीतरी समोरून लोटावी तशी... अगदी हळू.

पांढरा पट्टा पुन्हा उजेडात आला.

दोघींनी टाचा विटांत रोवल्या. पुढे जाता येईना, मागे जायचं म्हणजे ईनॉकला मरू द्यायचं. उठून बसावं तर डोक्यावर छत. केझाया मला म्हणायची, पुरलेल्या माणसाला शुद्ध आली तर त्याला असंच वाटत असेल.

ती रडकुंडीला येऊन ओरडली, "आमच्याकडे आजारी माणूस आहे. तो मरेल. तुम्ही मागे व्हा."

बूट थांबले.



मग एका बाईचा आवाज आला. दिव्याकडून नाही. अगदी शेजारून, भिंतीतून यावा तसा.

"आम्ही एकदा मागे सरलो होतो."



"बाहेर पोचेपर्यंत पोर गार झालं," आवाज म्हणाला.

नाव पुन्हा मागे सरकू लागली.

केझायाला वाटलं, आता सगळं संपलं. तिला देवाचं नावही आठवेना. पण तिच्या डोक्याला टेकलेलं सासूचं डोकं हललं. डोर्कस बोलली. धाक नाही, भीती नाही. घाटावर कुणी शेजारीण भिजत उभी असावी आणि तिला हाक मारावी, तशी.

"अगं बाई, मग एवढी वर्षं अंधारात कशाला बसलीस? आमच्याकडे शेगडी पेटलेली आहे. पोराला घे आणि वर ये."

समोरचा दिवा विझला.

आणि नाव... खाली बसली.

कोळसा भरताना बसते तशी. पाणी वर आलं आणि पाटावरून लोंबणाऱ्या केझायाच्या शालीचं टोक भिजलं. मग कोळशावरच्या फळ्या करकरल्या. टोकाकडून मागच्या खोलीकडे. सावकाश. आधी जड पावलं, त्यामागे हलकी.

खोलीचं दार सरकल्याचा आवाज आला.

दोघी भिंतीवर पाय मारत राहिल्या. नाव शिशासारखी जड झाली होती, पण आता ती पुढे जात होती.

बाहेर आल्यावर केझाया धावत मागे गेली. ईनॉकचं अंग घामाने चिंब होतं. ताप उतरला होता. त्याने डोळे उघडले आणि कुरकुरत म्हणाला, "त्या बाईला जरा सरकायला सांग. सगळी शेगडी अडवून बसलीय."

खोलीत कुणी नव्हतं.

मिलबरीच्या डॉक्टरने ईनॉकचा हात धुतला, बांधला आणि म्हणाला, पोरगा नशिबाचा आहे. दोन बोटं गेली, हात राहिला.

मिलबरीला कोळसा उतरवला. नाव रिकामी झाली. पण वर येईना. जकात घेणारा कारकून नाव किती खोल बसलीय ते मोजायची काठी लावून बघायचा, पुन्हा बघायचा आणि विचारायचा, डोर्कसबाई, आज न्याहारीला काय खाल्लंत? सगळा घाट हसायचा. डोर्कसही हसायची.

केझाया हसत नव्हती. तिला त्या खोलीत झोप येत नव्हती. आणि जायचं कुठे? आम्हा नाववाल्यांना काठावर घर नसे. नावेतच चूल, नावेतच अंथरूण, नावेतच सगळा जन्म. तिने सासूच्या पाया पडून सांगितलं की त्यांना उतरायला सांगा.

डोर्कस म्हणाली, "बोलावून घेतलेल्या माणसाला पाण्यात ढकलू? मला ते जमायचं नाही, पोरी."

डोर्कस वारली त्या वसंतात केझायाने स्वतःच ते केलं. चॅपलजवळ नाव बांधली, काठाला फळी लावली आणि खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "उपकार झाले. आता उतरा."

फळी वाकली... करकरली.

नाव बोटभर वर आली.

आणि खोलीत भाकरी खात बसलेला ईनॉक उठला. हातातला तुकडा खाली पडला. डोळे उघडे, पण बघत नव्हते. तो त्या फळीकडे चालू लागला... त्यांच्या मागोमाग. त्याचे हात बर्फासारखे गार होते.

केझायाने त्याचा कोट दोन्ही मुठींत धरला आणि लाथ मारून फळी पाण्यात ढकलली.

"नका उतरू," ती म्हणाली. "राहा. राहा इथेच."

नाव पुन्हा बसली. ईनॉकच्या हातात ऊब आली. भाकरी खाली कुणी टाकली, म्हणून तो तिच्यावरच चिडला.

त्यानंतर केझायाने जन्मभर त्यांना काही म्हटलं नाही. ती गेल्या हिवाळ्यात गेली, कालवा गोठला होता तेव्हा. जाताना मला एवढंच म्हणाली की तुझ्या आजोबांचा जीव आहे तोवर ही नाव मोडू देऊ नकोस.

पण कालव्यावरचं काम बंद झालं. नावा मोडीत निघाल्या. आम्हाला काठावर घर मिळालं, जिना असलेलं, नळ असलेलं. आजोबा दिवसभर नावेतच बसतात, संध्याकाळी मी त्यांना घरी आणते. मी त्या माणसांना उतरा म्हटलेलं नाही. आमच्याकडे या, असंही म्हटलेलं नाही. रोज प्रार्थनेत विचारते, मी काय म्हणू?

काल आजोबांना आणायला गेले... आणि काठावरच थांबले.

नाव वर आली होती, रिकामी झाल्यासारखी. पाण्याखाली राहून हिरवा पडलेला पट्टा सगळा उघडा पडला होता.

आजोबा छपरावर बसून पाईप ओढत होते. ठणठणीत. हात गरम.

मी त्यांना घेऊन घरी आले. नव्या घराच्या वरच्या खोलीत अजून शेगडी बसवलेली नाही. श्वासाची वाफ दिसते, इतका गारठा असतो.

माझ्या लेकाचा पाळणा तिथेच आहे.

पाळण्याभोवती... कुणी बसून असावं तशी हातभर जागा गरम होती.