शुक्रवारचा फोन

गुरुवारी दुपारची जेवणं उरकली की ओमानमधल्या निझवा शहरातल्या मुलींच्या वसतिगृहासमोर गाड्या लागायच्या. कुणाचा बाप यायचा, कुणाचा भाऊ. मुली पिशव्या टाकून निघून जायच्या आणि शनिवार संध्याकाळपर्यंत अख्खा मजला एकट्या झुवेनाचा व्हायचा.

"चल ना गं आमच्याकडे," तिच्या खोलीतली थुरैया दर वेळी म्हणायची. "आई विचारते, तुझी ती जंजिबारी मैत्रीण खरी आहे की थाप मारतेस?"

"पुढच्या आठवड्यात नक्की," झुवेना हसून सांगायची.

जंजिबारजवळच्या पेंबा बेटावरून ती पंधराव्या वर्षी मस्कतला चुलत्याकडे शाळेसाठी आली. शाळा संपली, चुलता मायदेशी परतला, तिला निझवात औषधशास्त्राला प्रवेश मिळाला आणि ती राहिली. आता स्वप्नंसुद्धा अरबीत पडायची. शुक्रवारी दुपारी ती आईला फोन करी आणि नेमाने खोटं बोले. मैत्रिणींबरोबर जेवले. पेपर छान गेला. मजेत आहे.

एका शुक्रवारी तापाने तिला उठवेना. फोनही बंद पडला होता. संध्याकाळी तिने तो चार्जिंगला लावला.

"आई, रागावू नकोस, दुपारी जमलंच नाही."

"काय जमलं नाही? तासभर बोललीस की!"

"मी?"

"मनातलं बोललीस ते बरं केलंस, बाळा. नापास झालीस तर झालीस. पण रोज एकटी जेवतेस, हे इतके दिवस पोटात ठेवलंस?"

नापास झाल्याचं झुवेनाने थुरैयालासुद्धा सांगितलं नव्हतं.

तिने डोकं शांत ठेवून विचार केला. आईला डुलकी लागली असेल. धाकट्या बहिणीने, तातूने, नक्कल केली असेल. पण तातूला हे कळणार कुठून? फोनमध्ये त्या दुपारची कसलीच नोंद नव्हती.

पुढच्या शुक्रवारी तिने लवकरच फोन लावला. आईचा फोन व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. खिडकीबाहेर खजुरीची झाडं उन्हात निश्चल उभी होती. अखेर आईने उचलला तेव्हा ती अजून हसतच होती.

"अगं, आत्ताच तर ठेवलास!"

"आई, मी काय काय बोलले?"

"थट्टा करतेस होय? न्हाणीत नळ सोडून स्वतःशीच आपल्या भाषेत बोलतेस म्हणालीस. ती कानावर पडावी म्हणून. किती रडले मी."

ते खरं होतं.

"आई, ती मी नव्हते गं."

पलीकडे आईने नाक ओढलं.

"परत यायला हो म्हणालीस, तेच कर आता."

"मी कुठे हो म्हणाले? एकच वर्ष राहिलंय माझं!"

"मघाची तू बरी होतीस," आई हळूच म्हणाली.

पुढच्या गुरुवारी थुरैयाने विचारायच्या आतच झुवेना पिशवी घेऊन उभी राहिली. शुक्रवारी थुरैयाच्या आईने तिच्यापुढे भात-मटण सारलं. "खा गं, हाडं दिसायला लागलीत तुझी!" सगळे हसले. झुवेनाही पोटभर जेवली. आज आईला सांगायला खरं काहीतरी होतं. ती अंगणात आली आणि फोन लावला.

तातूने उचलला. मागे ताटं वाजत होती, लोक हसत होते. सणासारखा गलका होता.

"तातू, आईला दे."

"आई वाढतेय. कोण बोलतंय?"

"अगं, मी झुवेना."



"कोण गं, तातू?" मागून कुणीतरी विचारलं. तोंडात घास होता, तरी स्वतःचा आवाज ओळखायला झुवेनाला वेळ लागला नाही.

"कोण जाणे, ताई," तातू तिकडे वळून म्हणाली. मग फोनमध्ये, परक्या बाईशी बोलावं तसं, अदबीने म्हणाली, "चुकीचा नंबर लागलाय हो तुम्हाला."