ताम्हनावरची पांढरी बोटं

माझी डबी घरंगळत त्याच्या चपलेपाशी जाऊन थांबली, आणि त्यानं ती उचलली.

उमरखेडच्या स्टँडवर ढाणकीची गाडी वेळेवर लागल्याचं मी तरी कधी पाहिलेलं नाही. त्या शनिवारी शाळेची मीटिंग आटोपून मी बाकावर बसले होते. जानेवारीतलं कोरडं वारं, जिनिंगकडून उडत येणारा कापूस केसांवर... रुमाल काढायला पिशवीत हात घातला, तर रुमालाबरोबर डबीही बाहेर पडली. पत्र्याची, गोल, झाकणावर फूल हुंगणाऱ्या बाईचं चित्र.

तो नुकताच यवतमाळच्या गाडीतून आलेला एक खोका उतरवून घेत होता. पांढरा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दुसरा कोणी असता तर डबी देऊन बाजूला झाला असता. यानं झाकण उघडलं आणि वास घेतला.

"हे तुम्ही तोंडाले लावता?"

"दुसऱ्याची वस्तू उघडून हुंगू नये, हे घरी शिकवलं नाही वाटतं."

"शिकवलं नं. पण माह्यं औषधाचं दुकान हाय, बाई. सवय लागली." तो हसला नाही, पण त्याचे डोळे हसत होते. "यात काय हाय?"

"मलम."

"थे दिसून राह्यलं. मलमात काय हाय?"

मला काय ठाऊक? मी डबी ओढून घेतली. तेवढ्यात गाडी लागली आणि मी खिडकीशी जागा पकडली. तो खोका खांद्यावर घेऊन खिडकीखाली आला.

"एक सांगू? ज्या डबीवर आत काय हाय थे लिवलेलं नसते, थे तोंडाले लावाव नाही. अन्... तुमच्या तोंडाले झालं काय? काहून लावता?"

मी खिडकीची काच खाली ओढली. काचेपलीकडून तो मोठ्यानं म्हणाला, "सदाशिव नाव हाय माह्यं. स्टँडच्या मांगंच दुकान."

आगाऊ माणूस. ढाणकी येईपर्यंत मी त्याला मनातल्या मनात चांगलं फैलावर घेतलं. तरी तुमच्या तोंडाला झालं काय, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. गेल्या चार वर्षांत माझ्या तोंडाला काय काय झालंय हे मला पुष्कळांनी सांगितलं होतं. असं विचारलं मात्र कोणी नव्हतं.

मी एकतीस वर्षांची होते. ते साल एकसष्ट, आणि आमच्याकडे एकतीस म्हणजे विषय संपला. वडील लवकर गेले, मग मी मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले, दोन्ही भावांना शिकवून मार्गाला लावलं, आणि मान वर करून पाहते तर डोळ्यांच्या कडेला रेषा आणि गालांवर वांगाचे डाग. मी ढाणकीत शकुमावशीकडे राहायचे. तिनं माझी आशा सोडली नव्हती. कळंबच्या वामनरावांच्या मुलाचं स्थळ तिनंच खणून काढलं होतं, आणि मध्यस्थाला माझं वय पंचवीस सांगितलं होतं.

"पंचवीस सांगतलं हाय," मावशी म्हणाली होती. "आता तेवढी दिसजो म्हणजे झालं."

दिसायचं कसं? बाजारात बांगड्या विकणाऱ्या जमनीजवळ ही डबी होती. तिला ती कुठल्याशा शहरातल्या व्यापाऱ्यानं दिलेली. जमनीनं शपथेवर सांगितलं, पंधरा दिवसांत दहा वर्षं कमी होतात. आणि खरं सांगते, होत होती. दहा दिवसांत वांग फिकं पडलं, गाल उजळले. मी आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहू लागले होते. कळंबची मंडळी यायला तीन आठवडे होते, आणि मी खुशीत होते.

संक्रांतीच्या दिवशी मात्र भलतंच घडलं.

आमच्याकडे हळदीकुंकू होतं. मावशीनं पहाटे तांब्याचं ताम्हन चिंचेनं असं घासलं होतं की तोंड दिसावं. मी तोंडाला मलम लावलं, घाईत हात धुवायचे राहिले, आणि तशीच ताम्हन उचलून देवापुढे ठेवून आले. दुपारी बायका जमल्या. तिळगूळ वाटता वाटता मावशी थबकली. ताम्हनाच्या काठावर पाच पांढरी, लखलखीत बोटं उमटली होती. चांदीची.

"माय वं," मावशी एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

पाच मिनिटांत गल्लीभर झालं. देवी घरात येऊन गेली. समोरच्या मानीबाईनं त्या बोटांना हळद लावली, कुणी फुलं वाहिली, कुणी लेकरू आणून त्याचं डोकं टेकवलं. मावशी डोळे पुसत सांगत होती, "विमलच्या लग्नाचा कौल हाय हा." मी कोपऱ्यात उभी राहून आपली बोटं पदरात लपवत होते. त्या बोटांचं माप कुणाचं, ते मी पाहताक्षणी ओळखलं होतं.

शेजारच्या बिस्मिल्लाबी तिळगूळ घ्यायला आल्या होत्या. त्यांच्या घरी कल्हईचं काम. त्या वाकल्या, नख घासून पाहिलं, आणि जाताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "बेटी, बिना आग की कल्हई मैंने आज तक नहीं देखी. किसी जाननेवाले को दिखा दे."

जाणणारा म्हणजे कोण, हे माझ्या मनात लगेच आलं. त्याचा मला रागही आला.

पुढच्या शनिवारी मावशीची नजर चुकवून मी ताम्हन पदराखाली घेतलं आणि उमरखेड गाठलं. दुकान लहानसंच होतं, फळीवर बाटल्या ओळीनं लावलेल्या. तो काहीतरी खलत होता. मला पाहून त्याचा हात थांबला.

"भांडाले आल्या का?"

"विचारायला आलेय," मी म्हटलं. "हे काय आहे?"

त्यानं ताम्हन हातात घेतलं आणि त्याचं तोंड गंभीर झालं. डबी मागितली. ताम्हन उलटं केलं, पाठीवर हरभऱ्याएवढं मलम ठेवलं आणि कापसाच्या बोळ्यानं घासत राहिला. आम्ही दोघंही वाकून पाहत होतो. त्याच्या हातांना कापराचा वास होता. बघता बघता तांब्यावर चांदीचा गोल उमटला.

"पारा हाय," तो म्हणाला. "तांब्यावर असा बसते. तोंडावर लावला का कातडीतून आत जाते. रंग उजळते, खोटं नाही सांगत. पण मंग मूत्रपिंडात जाऊन बसते. हात कापतात, झोप उडते. लय दिवस लावला तं माणूस कामातून जाते."

त्यानं स्टूल पुढे सरकवलं, पाणी दिलं. मग कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्याला भडाभडा सांगून टाकलं. कळंब, पंचवीस, मावशी, सगळं.

"पंधरा दिवस राहिलेत," मी म्हटलं. "एवढेच दिवस लावलं तर?"

तो खाली पाहून खल पुसत राहिला.

"बंद केलं तं थोडे दिवस तोंड उतरन. साल निघन, वांग परत दिसन. थ्या दिवशी तुम्ही आतापेक्षा वाईट दिसान... हे मी लपवत नाही. लावत राह्यल्या तं कदाचित सोयरीक जुळन." मग त्यानं वर पाहिलं. "नोका लावू. मी हात जोडतो."

त्यानं खरंच हात जोडले. औषधवाल्यानं गिऱ्हाइकाला हात जोडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले, आणि का कोण जाणे, मला रडू आलं.

"मग वय थांबवायचं कशानं?" मी नाक ओढत विचारलं.

"थांबत नसते. पण आपण त्याले घाई कायले कराव?" तो आता जरा खुलला. "कपडे धुवाच्या साबणानं तोंड धुता नं तुम्ही? दिसते. बंद करा. रात्री गुलाबपाण्यात ग्लिसरीन टाकून लावजा, नाहीतं साधं तिळाचं तेल. अन् छत्री. शाळेत जाता-येता भर उन्हात चालता तुम्ही. तोंडाले म्हातारं करते थे ऊन."

"जानेवारीत छत्री घेऊन फिरू? गाव हसेल मला."

"हसू द्या. मीबी हसीन." आणि तो हसला.

मी त्या दिवशी मावशीसमोर डबी चुलीत टाकणार होते. "जाळू नोका, त्याचा धूरबी वाईट," असं तो आधीच म्हणाला होता, म्हणून परसात खोल खड्डा करून पुरली. मावशीला सगळं खरं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिची देवी गेली होती आणि कौलही.

तो म्हणाला तसंच झालं. आठ दिवसांत माझ्या गालांची साल निघाली, कपाळ काळवंडलं. वडिलांची काळी छत्री उघडून मी भर थंडीत शाळेत जायचे आणि मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. तरी त्या दिवसांत मी रडले नाही. मधल्या शनिवारी मी ग्लिसरीन संपलं म्हणून त्याच्या दुकानात गेले. बाटली अर्धी भरलेली होती, आणि ती माझ्या पिशवीतून डोकावत होती.

त्यानं ती पाहिली. नवी बाटली बांधून देताना म्हणाला, "पुढच्या शनिवारी काय संपन?"

"बघू..." मी म्हटलं. "मावशीचा खोकला बरा नाही."

"मावशीले खोकला हाय?"

"होईल."

घरी येताना गाडीत मी एकटीच हसत होते. समोरच्या बाईनं लेकराला जवळ ओढून घेतलं.

आणि कळंबची मंडळी आली. वामनराव, त्यांची बायको आणि मुलगा. मुलगा म्हणजे चाळिशीचा गृहस्थ होता. केसांना इतका कलप लावलेला की कानशिलावर काळा ओघळ वाळून बसला होता. मी पोह्यांची ताटली ठेवली. वामनरावांच्या बायकोनं माझं तोंड उजेडाकडे करून पाहिलं, बाजारात वांगी पाहतात तसं.

"वय काय म्हनता मुलीचं?"

मावशीनं तोंड उघडलं. मला वाटलं होतं मी गप्प राहीन. पण सदाशिव मला म्हणाला होता, मी लपवत नाही. माझं नुकसान होणार होतं तरी त्यानं लपवलं नव्हतं. मग मी काय म्हणून लपवू?

"एकतीस," मी म्हटलं. "कार्तिकात बत्तिसावं लागेल."

पोहे तसेच राहिले. चौथ्या दिवशी पत्र आलं की मुलगी वयानं थोडी जास्त वाटते. वाटते म्हणे. मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की.

मावशीनं पत्र कोनाड्यात ठेवलं. माझ्याकडे पाहून म्हणाली, "काहून वं, तुले तं आनंद होऊन राह्यला." मी छत्री घेतली आणि शाळेत गेले. आनंद होत होता, हे खरंच होतं. पण खाली भीतीही होती. तो गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलला असेल, आणि मी उगाच... शनिवारी मी उमरखेडला गेले नाही. धीर झाला नाही.

रविवारी ढाणकीचा बाजार. दुपारी दारात चपला वाजल्या. मावशी ओसरीवर तूर निवडत होती. सदाशिव दारातच उभा, इस्त्रीचा सदरा, बाह्या आज मनगटापर्यंत नीट खाली.

"खोकला कसा हाय, माय?" त्यानं मावशीला विचारलं.

"कोनाले खोकला?" मावशी म्हणाली.

मी दाराआड तोंड लपवलं. मावशी काही आजची नव्हती. तिनं त्याला बसायला घातलं, कोणाचा, कुठला, घरात कोण, सगळं काढून घेतलं. दोघी बहिणींची लग्नं करता करता त्याची पस्तिशी उलटली होती. त्याची आत्या मावशीच्या माहेरच्या गावची निघाली, तेव्हा मावशीचा आवाज एकदम मऊ झाला.

"मंग मुलगी पाहाले आले का तुम्ही?"

"पाहाले नाही आलो, माय. पाहून झालं. इचाराले आलो."

मावशीनं सवयीनं सुरू केलं, "पंचवीस..."

"एकतीस," तो म्हणाला. "कार्तिकात बत्तीस."

ही बातमी कळंबहून उमरखेडला कशी पोचली, देव जाणे. मावशी सूप तिथंच टाकून चहा ठेवायला आत गेली. जाताना तिनं मला दाराआडून ओसरीवर ढकललं. माझ्या गालांवर अजून साल होती. मी पदर पुढे ओढला, मग सोडून दिला. त्यानं हे तोंड जसं आहे तसंच पाहिलं होतं.

"काल आल्या नाही," तो म्हणाला. "मी तीन गाड्या पाह्यल्या."

"काही संपलं नव्हतं."

"हो... नं." तो सदऱ्याची गुंडी चाळवत राहिला. मग मीच त्याला विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पुढं चाळिशी येईल, पन्नाशी येईल. तेव्हा काय औषध द्याल?"

"ग्लिसरीन देईन. छत्री धरीन."

"आणि तरी सुरकुत्या पडल्या तर?"

"पडतीनच. मी दुकानदार माणूस, खोटं नाही सांगत." त्यानं मान वर केली. "मले पाहाच्या हाय त्या, विमल. कोणती कवा पडली, थे मले माहीत पाह्यजे."

चाळीस मुलींना गप्प करणारी मी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. त्याची नजर माझ्यावर होती, हलत नव्हती. मी हो म्हटलं, अगदी हळू.

"काय म्हनून राह्यली वं?" मावशीनं चुलीपासून विचारलं.

मग मी पुन्हा हो म्हटलं, या वेळी तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.