लिम्बिकानीचा वाटा

इसवी सन २०६३ मध्ये मानवजातीने भुकेवर अंतिम विजय मिळवला. कुठल्या मुलाला केव्हा, किती आणि कसली भूक लागेल, हे ती लागण्याच्या आधीच बिनचूक सांगता येऊ लागलं. जेवणाचं म्हणाल तर ते सकाळी दहाला, पिठाची गाडी चिखलात रुतली नाही तर.

मलावी सरोवराच्या काठी चिंगोंडे नावाच्या गावात या विजयाचं एक कार्यालय होतं. शाळेच्या मागची खोली, तीत एक टेबल, एक यंत्र, एक वजनकाटा आणि डॉ. मधुरा केंकरे. बाई मूळच्या सांगलीच्या. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता: शाळेत मुलांना रोज मका-सोयाची पेज दिली, तर ती धडधाकट होतात का आणि लवकर वाचायला शिकतात का?

हा प्रश्न कुठल्याही आईला विचारला, तर ती आधी विचारणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. पण विज्ञानाला पुरावा लागतो, आणि पुराव्याला तुलना. पूर्वी अर्ध्या मुलांना पेज द्यायची आणि उरलेल्यांना नुसतं मोजायचं, अशी पद्धत होती. पुढे जगाला याची लाज वाटली आणि कायदा झाला की, तुलनेसाठी एकाही मुलाला उपाशी ठेवायचं नाही. मग तुलना करायची कुणाशी? या पेचातून छायाबालक जन्माला आलं.

छायाबालक म्हणजे हिशेबाने वाढवलेलं मूल. खऱ्या मुलाचं थेंबभर रक्त, उंची, पोटातले जंतू, घरातली माणसं, सगळं यंत्राला सांगायचं. यंत्र तेच मूल पडद्यावर वाढवतं, फक्त पेजेशिवाय. त्याला ताप येतो, त्याचे दात पडतात, त्याची शाळा बुडते. खरं मूल आणि छाया यांच्यात जो फरक पडेल, तो पेजेचा गुण. यात कुणीही उपाशी राहत नाही, कारण जे उपाशी राहतं ते नसतंच.

एक अडचण होती. सावली पडायची तर ऊन लागतं. यंदा मका किती पिकला, डास किती झाले, हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागे. त्यासाठी नदीपलीकडच्या कालुम्बे गावातल्या मुलांची दर महिन्याला मोजमापं होत. तिथे पेज सुरू झाली नव्हती. कायद्याप्रमाणे ती मुलं उपाशी ठेवलेली नव्हती, रांगेत होती. रांगेत उभं करण्याविरुद्ध अजून कायदा झाला नव्हता.

हे सगळं गावातल्या आयांना समजावून सांगताना डॉ. केंकरेंनी सोपा दृष्टांत दिला. म्हणाल्या, असं समजा की तुमच्या मुलीला एक जुळी बहीण आहे. तिला आपण काही देत नाही. ती कशी वाढते, ते बघतो.

एस्नाट काचाले या आईने विचारलं की ती बहीण राहते कुठे. डॉक्टर म्हणाल्या, ती या यंत्रात आहे, पण तिची खबर येते कालुम्बेहून. एस्नाटने मान डोलावली. शास्त्र लोकांपर्यंत पोचलं, याचं डॉ. केंकरेंना फार समाधान वाटलं. वाटायला नको होतं.

पुढच्या आठवड्यात एस्नाटने विचारलं की तिचं नाव काय. नाव नव्हतं, आकडा होता. मग एस्नाटनेच तिला लिम्बिकानी असं नाव दिलं. लिम्बिकानी म्हणजे नेट धर. आणि त्या गावात भेटल्यावर आधी घरच्या प्रत्येकाची चौकशी केल्याशिवाय कामाचं बोलतच नाहीत. त्यामुळे रोज सकाळी एस्नाट विचारायची, “लिम्बिकानी कशी उठली?” डॉक्टर पडद्याकडे बघून म्हणायच्या, “बरी आहे, अमाई.” अमाई म्हणजे आई. तिकडे मोठ्या बाईला मानाने तसं म्हणतात.

सहा महिन्यांनी घोटाळा सुरू झाला. एस्नाटची मुलगी तामंदानी, वय वर्षं सात, पेज खाऊन जागच्या जागी राहिली. आणि पेज न मिळालेली लिम्बिकानी अंगाने भरू लागली. पुढच्या महिन्यात तर ती जोडाक्षरं वाचू लागली. चिंगोंडेतल्या सगळ्याच मुलांचं असं झालं. डॉक्टरांना वाटलं, काटा बिघडला. त्या स्वतः काट्यावर उभ्या राहिल्या. काट्याने त्यांचं वाढलेलं वजन निर्विकारपणे दाखवलं, म्हणजे काटा ठीक होता. मग त्यांनी पीठ तपासलं, पाणी तपासलं, यंत्र उलगडून परत जोडलं. छाया धष्टपुष्टच राहिल्या.

पेजेचे पैसे देणारा निधी सातासमुद्रापलीकडे होता. त्याचा निरोप आला: फरक शून्य दिसतो, याचा अर्थ पेजेचा उपयोग नाही. शेवटच्या मोजमापातही तसंच निघालं, तर पेज बंद.

डॉक्टर चक्रावल्या. दहा वाजता पेज वाटतात, तेव्हा त्या प्रथमच खोलीतून उठून व्हरांड्यात येऊन बसल्या. जे विज्ञानाला इतक्या महिन्यांत दिसलं नव्हतं, ते पेला रिकामा होण्याच्या आत दिसलं. तामंदानीने अर्धा पेला प्यायला, उरलेल्यावर पान झाकलं आणि तो आईच्या हाती दिला. शेजारच्या पोराने तेच केलं. त्याच्या शेजारच्या पोरीनेही. मग पेले घेऊन आयांची रांग नदीच्या उताराकडे निघाली.

डॉक्टरांनी एस्नाटला गाठलं. कुठे चाललात, असं विचारल्यावर तिने या बाईला झालंय काय, अशा नजरेने पाहिलं.

“लिम्बिकानीकडे,” ती म्हणाली.

मग उलगडा झाला. त्या गावात जुळ्यांची एक रीत आहे. एकाला दिलं ते दुसऱ्याला द्यायचंच. कापड घेतलं तर दोघांना, धपाटा घातला तर दोघांना. एकाला डावललं की डावललेलं रुसतं आणि दुसरं आजारी पडतं. डॉक्टरांनी गावातल्या प्रत्येक मुलाला एक जुळं दिलं होतं आणि वर त्याची खबर कालुम्बेहून येते असंही सांगितलं होतं. मग प्रत्येक आईने तिथे जाऊन आपल्या मुलासारखं दिसणारं एकेक मूल हुडकून काढलं. एस्नाटला मिळाली मालिया. तामंदानीसारखाच तिचाही पुढचा दात पडलेला.

अर्धी पेज नदी ओलांडत होती, कालुम्बेची मुलं बाळसं धरत होती, त्यांची मोजमापं यंत्रात जात होती आणि छाया पोसल्या जात होत्या. यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं. आयांचंही नव्हतं. त्यामुळे रागावायचं कुणावर, हे डॉक्टरांना कळेना.

“अमाई,” त्या म्हणाल्या, “लिम्बिकानी नाहीये. खरोखर नाहीये.”

“नाही?”

“नाही.”

“मग माझ्या पोरीला तुम्ही कुणाच्या शेजारी उभी करून मापता?”

याचं उत्तर डॉक्टरांच्या प्रबंधात होतं, पण ते पडद्यावर सूत्र मांडल्याशिवाय सांगता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी वेगळ्या वाटेने प्रयत्न केला. शेवटच्या मोजमापाला अजून दोन महिने आहेत, म्हणाल्या. तोवर पेज पलीकडे गेली नाही तर फरक दिसेल आणि तामंदानीची पेज चालू राहील. एस्नाटने विचारलं, निधीला खरं काय ते सांगून टाकलं तर? तर, डॉक्टर म्हणाल्या, ते प्रयोग बाटला म्हणतील. बाटलेला प्रयोग बंद करतात, पेजेसकट.

एस्नाट उतारावरच बसली. पेल्यावरचं पान नीट केलं.

“म्हणजे ती उपाशी राहिली, तर ही जेवणार.”

“तसंच म्हणावं लागेल.”

“आणि दोघी जेवल्या, तर दोघी उपाशी.”

“हिशेबाने, हो.”

“तामंदानीला शाळेत हाच हिशेब शिकवणार आहात का?” एस्नाटने विचारलं. टोमणा नव्हता तो. मुलगी गणितात कच्ची होती, आईला काळजी होती.

दुसऱ्या दिवसापासून पेले नदी ओलांडेनासे झाले. आयांमध्ये काय बोलणं झालं, ते डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. तामंदानी पुरा पेला पिऊ लागली, पण शेवटच्या घोटाला नदीकडे पाहायची. पलीकडच्या काठावर मालिया येऊन उभी राहायची. मग यायची थांबली. पडद्यावर लिम्बिकानी आधी जोडाक्षरं विसरली, मग तिचे दंड बारीक झाले, मग तिला ताप आला. यंत्र अगदी नियमाप्रमाणे वागत होतं. सकाळची चौकशी मात्र चालूच होती. लिम्बिकानी कशी उठली, या प्रश्नाला डॉक्टर आता पडद्याकडे न बघताच ‘बरी आहे’ म्हणत.

शेवटच्या मोजमापाने निधी खूष झाला. इतका स्वच्छ फरक आजवर कुठे मिळाला नव्हता. चिंगोंडेची पेज पाच वर्षं पक्की झाली. नवी पन्नास गावंही घेतली जाणार होती आणि प्रत्येकाशेजारी एक गाव रांगेत राहणार होतं. कालुम्बेबद्दल एक ओळ होती: सावलीसाठी हे गाव उत्तम ठरलं आहे, तरी त्याची पाळी पाच वर्षं पुढे ढकलावी. डॉक्टरांनी ती ओळ पुनःपुन्हा वाचली. उपाशी कुणालाच ठेवलेलं नव्हतं. कायदा कुठेही मोडला नव्हता.

ही बातमी एस्नाटला कशी सांगावी याचा त्या विचार करत होत्या, तोच ती दारात आली. हातात निळा पेला, त्यावर पान. पेज चालू राहिल्याचं तिला कळलं होतं. पलीकडचंही कळलं असावं, कारण तिने त्याबद्दल विचारलं नाही. तिने पेला यंत्रापुढे ठेवला, पडद्यातल्या मुलीच्या समोर.

“इथे दिलेलं मोजमापात येत नाही ना?”

“नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

“मग रोज आणत जाईन.”

पेज गरम होती. तिची वाफ पडद्यावर धरली आणि लिम्बिकानी अंधुक झाली. डॉक्टरांनी पदराने काच पुसली. हे आपण का केलं, ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांना सकाळपासून काही खायला झालं नव्हतं, आणि पेल्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

एस्नाट निघाली, आणि उंबऱ्यावरून परत वळली.

“डॉक्टर, तुम्ही खा नाहीतर तिला खाऊ द्या,” ती म्हणाली. “पेला तेवढा विसळून द्या. शाळेचा आहे.”