तेविसावं उत्तर

रुचिराचा पाय ज्या वाफ्यात पडला, तो वाफा हितेशच्या आजोबांनी नऊ दिवस डोळ्यांत तेल घालून राखला होता.

पनवेलच्या खाडीकाठी तेव्हा मिठागरं शिल्लक होती. आता तिथे भराव पडून वर खांब उभे राहिलेत, त्यामुळे ही गोष्ट सांगताना जागा दाखवता येत नाही. पण जानेवारीतल्या दुपारी त्या बांधावर उभं राहिलं, की चौकोनी आरशांसारखे वाफे लांबवर पसरलेले दिसायचे, आणि वाऱ्याला असा काही खारट वास यायचा, की ओठांवरून जीभ फिरवली तरी समुद्र लागायचा.

रुचिरा नवीन पनवेलची. गोव्याला ध्रुवीय संशोधनाच्या संस्थेत नुकतीच लागलेली, महिन्याच्या रजेवर घरी आलेली. अंटार्क्टिकाचा समुद्र गोठतो तेव्हा त्यातलं मीठ कुठे जातं, हा तिचा अभ्यास. खारटपणा मोजायचं नवं यंत्र तपासायला तिला खूप खारं पाणी हवं होतं आणि ते घरापासून स्कूटरवर वीस मिनिटांवर होतं. ती यंत्र बुडवायला बांधावरून वाकली, तोल गेला आणि घोट्यापर्यंत पाय आत.

“मॅडम, तशाच उभ्या राहा. आणखी एक पाऊल टाकलंत तर वाफा गेला.”

मागे एक उंच, उन्हाने रापलेला तरुण उभा होता, हितेश. त्याने न रागावता एक लांब फळी आणून तिच्यापुढे आडवी टाकली. पाण्यावर दुधासारखी मिठाची पातळ साय धरली, की वाफ्यात पाय घालायचा नाही, हा तिथला नियम. तळाची माती ढवळली की मीठ काळं पडतं. रुचिरा शरमली. फळीवरून बाहेर येता येता काहीतरी बोलायचं म्हणून तिने सांगितलं, की बर्फाला भेग असली की आम्हीसुद्धा अशीच फळी टाकतो.

“मग तिथेही अशाच पडता?” त्याने इतक्या सरळ चेहऱ्याने विचारलं, की तिला हसू आवरेना.

झोपडीच्या सावलीत बसलेले त्याचे आजोबा, ज्यांना सगळे दाजी म्हणत, ते तिथूनच म्हणाले, “असू दे रं. इचारायला आली हाय ना? बाकीची फोटो काढून जातात.”

दुसऱ्या दिवशी रुचिरा पुन्हा आली. यंत्र अजून नीट चालत नाही, असं तिने सांगितलं. तिसऱ्या दिवशी तर यंत्र घरीच विसरून आली…

हितेश कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरीला होता. पण जमीन प्रकल्पात गेलेली, मिठागराचा हा शेवटचा हंगाम, म्हणून रजा काढून तो आजोबांच्या हाताखाली राबत होता. रुचिरा बांधावर बसून त्याला सांगायची, की समुद्राचं पाणी गोठतं तेव्हा बर्फ मीठ आत ठेवून घेत नाही, बाहेर ढकलतो. ते जड, खारं पाणी खाली खाली बुडत जातं आणि साऱ्या जगाचे समुद्र हलवतं. हितेशने हातातलं फावडं थांबवलं. थोडा विचार करून म्हणाला, म्हणजे इथे ऊन पाणी नेतं आणि मीठ ठेवतं, तिथे थंडी पाणी नेते आणि मीठ ठेवते. एवढी सोपी व्याख्या तिला पाच वर्षांत कुणी दिली नव्हती. तिने वर पाहिलं, त्याच वेळी त्यानेही पाहिलं, आणि मग दोघांनाही मिठाच्या ढिगाकडे बघण्याचं महत्त्वाचं काम निघालं.

त्याच दिवसांत तिच्यावर एक कामगिरी होती. ध्रुवीय अभ्यासात नव्याने आलेल्या बावीस तरुणांनी ठरवलं होतं, की पुढच्या दहा वर्षांत काय आधी व्हायला हवं, ते आपण लिहून द्यायचं. सगळ्यांची उत्तरं एकत्र करायची ती रुचिराने. सगळे उन्हाळ्यात जातात, हिवाळ्यातली मोजमापं कुणी करायची? माहिती कपाटात न ठेवता सर्वांना खुली हवी. वर्षावर्षाच्या नोकरीवर कुणी किती काळ तग धरायचा? तिथल्या संशोधन तळावर मुलींना निर्धास्त राहता यायला हवं. आणि आठ जणांनी एकच गोष्ट लिहिली होती: घरी मागे राहणाऱ्यांचं काय? तिचे मार्गदर्शक फोनवर म्हणाले, हा शेवटचा मुद्दा विज्ञानाचा नाही, गाळून टाक. तीही गाळणार होती.

कारण त्या मुद्द्याकडे पाहण्याचा तिला धीर होत नव्हता. हिवाळाभर तिकडे राहणाऱ्या तुकडीत तिची निवड झाली होती. चौदा महिने. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता, आणि हे तिने हितेशला सांगितलं नव्हतं.

बावीसही उत्तरं येऊन पडली होती, तरी शुक्रवारी तिने त्याच प्रश्नांचा फॉर्म हितेशला पाठवला. साध्या माणसाला प्रश्न कळतात का, एवढं बघून सांगा, असं वर लिहिलं. शनिवारी सकाळी मोजते तर उत्तरं तेवीस.

तेविसाव्या उत्तरात कामाची जागा होती ‘खारं पाणी, पनवेल’. अनुभव: ‘एकोणीस हंगाम’. आणि खाली लिहिलं होतं—

‘हिवाळ्यात मोजायला माणूस राहिलाच पाहिजे. मोठ्या भरतीला बांधावर कुणी नसेल, तर बांध कशाने फुटला ते कधीच कळत नाही. पण राहणाऱ्याने जाण्याआधी सांगून जावं. वाट बघणाऱ्याला निदान माहीत असावं, की तो वाट बघतोय.’

ती तशीच स्कूटर काढून खाडीवर गेली. हितेश ढिगावर गवत पसरत होता.

“तो फॉर्म शास्त्रज्ञांसाठी होता,” ती म्हणाली.

“प्रश्न कळतात का बघा म्हणालात. कळले, म्हणून उत्तर दिलं.”

“तुम्हाला कसं कळलं… मी जाणार ते?”

“हिवाळ्याचं काही सांगायचं असलं, की तुम्ही दाजीकडे बघून सांगता. माझ्याकडे नाही.”

ती बांधावर बसली. बराच वेळ पायाशी पडलेले मिठाचे खडे उचलत राहिली. मग मान वर न करता तिने विचारलं, “थांब नाही म्हणणार मला?”

“म्हणालो तर थांबशीलसुद्धा,” हितेश म्हणाला. त्याच्या तोंडून ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, ते त्यालाही कळलं नाही. “आणि मग जन्मभर तुझ्याकडे बघताना मला तो न बघितलेला बर्फ दिसेल. ते नको.” तो थोडा घुटमळला. “तिथून फोन लागतो का?”

“रविवारी. आवाज जरा उशिरा पोचतो.”

“मग मी जरा आधी बोलेन.”

रुचिरा हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “मला तू आवडतोस,” ती म्हणाली. “तिथून सांगितलं तर उशिरा पोचेल, म्हणून इथेच सांगते.”

हितेश पुन्हा गवत पसरायला लागला, आधीच पसरलेल्या जागी. दाजी झोपडीतून म्हणाले, “आयकलं रं तिनं काय सांगितलं? का मी येऊन सांगू?”

यादी सोमवारी गेली. मागे राहणाऱ्यांचा मुद्दा सगळ्यात वर होता. मार्गदर्शक कुरकुरले, मग गप्प बसले. त्याच दिवशी रुचिराचा होकारही गेला.

पुढच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, दोन महिन्यांसाठी सूर्य मावळून दोन आठवडे झाले असताना, एका रविवारी ती तळावरच्या फोनपाशी बसली होती. दोघं एकदम बोलली, मग दोघं एकदम थांबली. त्या थांबण्यात तिला पलीकडून धडधड ऐकू आली, मग काहीतरी ओतल्याचा मोठा आवाज.

“ट्रक आहेत,” हितेश म्हणाला. “आज दाजीच्या वाफ्यात भराव टाकतायत. दाजी नाय म्हणाला यायला. म्हटलं, कुणीतरी बघायला हवं.” पलीकडे आणखी एक ट्रक रिकामा झाला. “तू कशाला ऐकतेस हे? ठेवतो मी.”

उत्तर पोचायला नेहमीसारखाच उशीर लागला.

“ठेवू नकोस,” रुचिरा म्हणाली. “संपेपर्यंत मी आहे.”