समुंदराच्या बाजूची खिडकी

ठाणाकुशनूरच्या स्टँडवर, पंक्चरच्या दुकानापुढच्या बाकड्यावर चार पोरं एका मोबाइलवर वाकून बसली होती. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. शेवटची बस कधीच गेली होती. सुनीलकुमार एकेक थांबा वाचायचा आणि सिद्धू तो वहीच्या पानावर उतरवून घ्यायचा. हुबळी, यल्लापूर, अंकोला, गोकर्ण. तिथून समुद्राच्या कडेकडेनं होन्नावर, मुर्डेश्वर.

"अप्पा, तुम्ही जन्मभर गाड्या चालवलाव," सुनीलकुमार शेजारी बिडी ओढत बसलेल्या वीरभद्रप्पांना म्हणाला. "पहिला थांबा कुठं घ्यावा सांगा की."

"कोण कोण जायलाव?"

"आम्ही चौघं. माझी बायको, सिद्धूची बायको."

"अन् तुझी आई?"

"आईला काय करायचंय समुंदर? म्हशी कोण बघंल मग?"

सिद्धू हसला. वीरभद्रप्पा हसले नाहीत. त्यांनी बिडी बाकड्याच्या पायाला घासून विझवली.

"पहिला थांबा कुठंबी घ्या," ते म्हणाले. "हळ्ळीखेडच्या अलीकडं घेऊ नका."

"कामून?"

"माझ्या घरवालीच्या माहेरात झालंय हे. ज्याच्यावर गुदरलं, त्या तानाजीनं माझ्यापुढं बसून सांगितलंय. तीस डिसेंबर, दोन हजार चोवीस. सोमवार. वेळ अमावस्या."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

तानाजी औरादच्या अलीकडच्या गावचा. जीप चालवायचा. थोरला भाऊ बालाजी, त्याचं औरादला कापडाचं दुकान. आई सत्यभामाबाई. बाप वारलेला. नवीन वर्षाला समुद्र बघायला जायचं, हे बालाजीनं दिवाळीतच ठरवलं होतं, आणि तेव्हापासून सत्यभामाबाई रोज संध्याकाळी तानाजीला थांबे विचारायची. तिला वाचता येत नव्हतं. नावं मात्र तिनं सगळी पाठ केली होती. भाकरी थापता थापता ती म्हणायची, "हुबळी झाली की अंकोला. मग समुंदर कुठल्या अंगाला यील रे?"

"जाताना उजवीकडं, आई. माझ्या मागच्या खिडकीला."

"मग मला तिथं बसीव. वांती आली तर पदरात करीन, पर गाडी थांबवा म्हणणार न्हाई."

वेळ अमावस्येला शेत पुजायला सगळं घर रानात होतं. हरभऱ्यात कडब्याची खोपटी, कोप, उभी केली होती. पाच दगडांचे पांडव पुजून झाले, मिसळ भाजीची भज्जी झाली, आंबील झाली. जेवणं उरकल्यावर बालाजीनं खिशातून कागद काढला आणि कोण कुठं बसणार ते वाचून दाखवलं. त्यात सासू होती, सासरा होता, मेहुणी होती. आई नव्हती.

"आईला गाडी लागते," कागदाची घडी घालत बालाजी म्हणाला. "दर दहा मैलाला थांबावं लागंल. अन् घरी कुणीतरी पाहिजेच की."

सत्यभामाबाई त्या वेळी नातवाच्या पेल्यात आंबील ओतत होती. तिचा हात थांबला नाही. "बरं," एवढंच ती म्हणाली. मग उठून तिनं वाटेसाठी भाकरी, शेंगाची चटणी बांधायला घेतली.

तानाजीच्या कानशिलात रक्त उसळलं. कागद हिसकून टराटरा फाडावा असं त्याला वाटलं. पण जन्मभर तो थोरल्यापुढं बोलला नव्हता. तेव्हाही बोलला नाही. आईला त्यानं खिडकीचा शब्द दिला होता, आणि तोच शब्द तो गिळून बसला. पुढचा सगळा राग त्या गिळण्याचा होता.

आता त्या घरची एक रीत. अंधार पडला की कडब्याचा हेंडगा पेटवायचा आणि तो पलिता घेऊन बांधाबांधानं शेताला पुरा फेरा मारायचा. नवरा गेल्यापासून हा फेरा सत्यभामाबाई मारायची. फेरा पुरा होईपर्यंत घरच्या माणसानं शिवार सोडायचं नसतं.

पावणेसातला तिनं हेंडगा पेटवला. ती बांधाच्या निम्म्यात गेली असेल, तोच बालाजीनं हॉर्न वाजवला.

"चल, चल. बीदरहून सासुरवाडीची माणसं घ्यायचीत."

"दादा, फेरा होऊ दे."

"तिचा फेरा काय संपायलाय? काढ गाडी."

तानाजीनं गाडी काढली. आरशात आईच्या हातातली दिवटी दिसत होती. लहान होत गेली. ती एकटीच चालली होती.

बीदरमध्ये चहा झाला, जेवण झालं, बॅगा बांधून झाल्या. निघायला सव्वादहा झाले. तानाजीच्या मागच्या खिडकीला बालाजीची सासू सुभद्राबाई बसली, तिच्या बाजूला बालाजीची बायको विजयश्री. बालाजी पुढं. बाकीची माणसं मागं, पेंगुळलेली.

"तानाजी, तोंड कामून पाडलाव? समुंदर बघायला जायलाव की मयतीला?" सुभद्राबाई म्हणाली.

तानाजीनं गिअर असा ओढला की सगळी पुढं आपटली.

बीदर मागं पडलं तशी उजव्या हाताच्या रानात एक दिवटी दिसली. त्याला नवल वाटलं नाही. वेळ अमावस्या होती. पण मग त्यानं घड्याळ बघितलं. साडेदहा. कडब्याचा पलिता पाव तासात राख होतो. अन् हेंडगे सात-साडेसातलाच फिरून झालेले असतात.

त्यानं वेग वाढवला. साठ. सत्तर.

दिवटी बाजूलाच होती. तेवढीच लांब, माणसाच्या हाताच्या उंचीवर. जशी सावकाश चालणाऱ्याच्या हातात हलते, तशी हलत होती.

"दादा, तिकडं बघ."

बालाजीनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग काच वर केली. "तू रस्त्याकडं बघ," तो म्हणाला.

"आईचा फेरा पुरा झाला नव्हता, दादा."

"गप."

"मी तिला खिडकी कबूल केली होती. दोन महिने ती थांब्यांची नावं घोकायलीय. तू कागदावर सासूला बसवलास, अन् मी बैलावानी मान खाली घातलो. थू माझ्या जिण्यावर."

"तानाजी, गप म्हणलं ना!"

हळ्ळीखेडचे दिवे लांबून दिसू लागले. तेव्हा दिवटी वळली. रस्त्याकडं यायला लागली. मोठी झाली. बांधावर आली…

आणि विझली.

मागून सुभद्राबाईचा आवाज आला. झोपेतला, चिडका.

"विजू, सरक की. कामून दाटायलीस?"

"मी कुठं दाटायलेय, आई? मी हिकडं कडंला हाय."

"मग मला खिडकीपासनं कोण सारायलंय?"

विजयश्रीनं मान वळवून बघितलं. दोघींच्या मधे हातभर जागा मोकळी होती. ती कमी कमी होत गेली. सुभद्राबाई स्वतः सरकत नव्हती, सारली जात होती. शेवटी ती लेकीला येऊन भिडली. तोंड उघडं.

तानाजीनं आरशात बघितलं.

खिडकीची जागा रिकामी.

काचेवर मात्र वाफ धरली होती. आतून. तळहाताएवढी. कमी व्हायची… पुन्हा यायची… कमी व्हायची… कुणी काचेला तोंड लावून बाहेर बघत बसावं, तशी.

त्यानं गाडी थांबवली.

"आई?"

इंजिनाचा आवाज. वाफ आली. गेली.

फोन वाजला. अकरा वाजून दहा मिनिटं. गावाकडून शेजारचा चन्नवीर बोलत होता. सत्यभामाबाई घरी आली नाही म्हणून ते शेतात बघायला गेले होते. बांधावर सापडली. फेरा निम्म्यातच राहिलेला. हेंडगा कधीचा विझलेला, राख गार. अंगही गार.

बालाजीनं डॅशबोर्डवर डोकं टेकलं आणि हंबरडा फोडला.

तानाजीनं गाडी वळवली. मागं कुणीही त्या खिडकीकडं सरकलं नाही. वाफ येतच होती. बालाजीचं रडणं थांबेना, तेव्हा तानाजी दात खाऊन म्हणाला, "गप बस. तिला बाहेर बघू दे."

गाव येईपर्यंत बघत होती. वेशीत काच कोरडी झाली.

वीरभद्रप्पा थांबले. सिद्धूची पेन्सिल कधीची थांबली होती. दूर कुठंतरी मोटरसायकल गेली आणि स्टँड पुन्हा शांत झालं.

"वेळ अमावस्येला माझी लिंगम्मा माहेरीच होती," ते हळू म्हणाले. "चन्नवीर तिचा भाऊ. सकाळी सत्यभामाबाईला अंघोळ घालायला हीच बसली. मला त्या दिवशी सांगितलं, पुन्हा कवा त्याचं नाव काढलं न्हाई."

"काय सांगितलं, अप्पा?"

"ते रान कोरडवाहू हाय. काळी माती. ओढा अर्ध्या कोसावर, तोबी आटलेला. अन् त्या रात्री दव पडलं नव्हतं. बाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. पिळलं तर पाणी निथळायचं. टाचेच्या भेगांत वाळू. पांढरी, बारीक… आपल्याकडं नसती तसली. लिंगम्मानं लुगड्याचा काठ धुवायला घेतला. ओलं बोट चुकून ओठाला लागलं."

सिद्धूनं वही मिटली.

"खारट होतं."